दैत्याच्या पोटातली नावे



वसंतातल्या व्याख्यानाला विषय भारदस्त असावा, असा संकेत आहे. वक्त्याने राष्ट्राविषयी बोलावे, संतांविषयी बोलावे, निदान शेतीविषयी तरी बोलावे. मी जेव्हा चालकांना कळविले की मला महाकाय राक्षसांच्या गोष्टींवर बोलावयाचे आहे, आणि त्यातही त्या गोष्टींच्या पोटात लेखक मंडळी जे गुप्त निर्देश व वंदना दडवून ठेवतात त्यांवर, तेव्हा चालकांनी प्रथम माझ्याकडे व नंतर एकमेकांकडे पाहिले. तरीही त्यांनी मला नकार दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हा विषय मी गंमत म्हणून घेतलेला नाही. माझ्याकडून एका मुलाचा अपराध घडला आहे, आणि तो कबूल करावयास याच गावासारखी दुसरी जागा नाही.

मी शिक्षकी पेशातला माणूस. या भागात बाहेरून नोकरीसाठी आलो. एका वर्षी मुलांना गोष्ट लिहावयास सांगितली. एका मुलाने जपानी चित्रपटातल्या गॉडझिलाची गोष्ट लिहून आणली. परक्याने निर्माण केलेले पात्र घ्यावे आणि त्यावर आपल्या मनची नवी गोष्ट रचावी, असा चाहत्यांचा एक छंद आज जगभर आहे. या मुलाचा राक्षस समुद्रातून न येता नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात, पाणीमहालाच्या खालून वर येत होता. तो पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जागा होतो, त्याच्या पायांना गुलाल लागलेला असतो, आणि तो एकही घर जाणूनबुजून पाडीत नाही. तो नुसती कूस बदलतो, असे त्याने लिहिले होते. मी तांबड्या शाईने शेरे मारले : "पात्र उसने. वेळ इतकी नेमकी कशाला? गुलालाचा संबंध काय?" आणि खाली लिहिले, "स्वतःचे लिहीत जा."

आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ती वेळ ऐकताच काही आठवले असेल. मला तेव्हा आठवले नाही. त्या वहीकडे मी शेवटी येईन. आधी मूळ राक्षसाकडे जाऊ.

तो १९५४ साली जन्मास आला. त्या वर्षाच्या १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिच्या विषारी राखेत एक जपानी मासेमारी नौका सापडली. खलाशी आजारी पडले, एक दगावला. जपान हादरला. हिरोशिमा व नागासाकी यांना तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' पडद्यावर आला, आणि त्याच्या आरंभीच समुद्रावर एकाएकी झगझगीत उजेड होऊन एक जपानी नौका नाहीशी होते. चित्रपटाने त्या खलाशांचे नाव घेतले नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांना ते सांगण्याची गरजच नव्हती. ज्याचा शोक उघड करता येत नाही, तो राक्षसाच्या पोटात ठेवून गावभर फिरवता येतो, ही या कथाप्रकाराची पहिली किमया होय.

दुसरी किमया नावाची. गोजिरा हे नाव 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या जोडणीतून झाले, असे सांगतात. यातला गोरिला आपण ओळखला असेलच. १९३३ सालच्या 'किंग काँग' या अमेरिकी चित्रपटाने एइजी त्सुबुराया या जपानी कलावंतास वेड लावले होते, आणि पुढे गोजिराची सारी करामत याच त्सुबुरायांनी उभी केली. म्हणजे ज्याला आपण मूळ राक्षस म्हणतो, तोही एका चाहत्याच्याच हातून घडलेला.

पुढे ही परंपरा चालू राहिली. २०१४ सालच्या अमेरिकी 'गॉडझिला'त एक शास्त्रज्ञ आहे, इशिरो सेरिझावा. त्यातले 'सेरिझावा' हे १९५४च्या चित्रपटातील शास्त्रज्ञाचे आडनाव, आणि 'इशिरो' हे दिग्दर्शक होंडांचे नाव. एका पात्राच्या नावात दोन पूर्वजांना पान वाढलेले आहे. २०१३ सालच्या 'पॅसिफिक रिम'च्या शेवटी तो चित्रपट रे हॅरिहाउसन व इशिरो होंडा या दोन वडीलधाऱ्यांना उघडपणे अर्पण केलेला आहे. क्वचित हा खेळ कडवटही होतो. १९९८च्या 'गॉडझिला'त शहराच्या नगराध्यक्षाला एबर्ट हे नाव देऊन रॉजर एबर्ट या नामवंत समीक्षकाची टर उडविली होती. तेव्हा निर्देश हा नेहमी नमस्कारच असतो असे नाही, तो चिमटाही असू शकतो. पण चिमट्याचे आयुष्य थोडे. ज्यांना तो समीक्षक ठाऊक नाही त्यांना त्या नावात आज काही लागत नाही.

आता श्रोते म्हणतील, हे सारे जपानचे नि अमेरिकेचे झाले, आमच्या बालाघाटाच्या डोंगराशी याचा संबंध काय? तर महाराज, संबंध आहे, आणि तो आपल्या गाभाऱ्यातच आहे.

तुळजापूरची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. कृतयुगात कर्दम ऋषी निवर्तले. त्यांची पत्नी अनुभूती लहान बाळासाठी मागे राहिली आणि मंदाकिनीच्या तीरी तप करू लागली. कुकुर नावाच्या दैत्याने तिचा तपोभंग केला. तिने धावा केला, आणि देवी त्वरित धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरितेची तुरजा झाली, तुरजेची तुळजा. ही झाली या डोंगराची, इथल्या एका विधवा मातेची गोष्ट. दुसरीकडे साऱ्या भारतात गाजलेला महाकाय दैत्य म्हणजे महिषासुर. त्याची कथा मार्कंडेयपुराणात. आता आपल्या सांगणाऱ्याने काय केले पाहा. कुकुराने ऐन युद्धात रेड्याचे रूप घेतले, असे त्याने सांगितले. झाले! गावचा दैत्य आणि जगप्रसिद्ध दैत्य एका देहात आले. दोन्ही कथा एकमेकींना ओळखून हसल्या.

आणि मूर्तीकडे नीट पाहा. अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी, रेडा पायाशी. पण एका बाजूस मार्कंडेय ऋषी आहेत, म्हणजे ज्यांच्या नावाच्या पुराणात ही कथा आली ते. दुसऱ्या बाजूस तप करणारी अनुभूती आहे, म्हणजे जिच्यासाठी हे सारे घडले ती. शस्त्रांच्या या धुमाळीत शिल्पकाराने एका कडेला कथा सांगणाऱ्यास व दुसऱ्या कडेला दुःख सोसणारीस जागा दिली. आपण दर्शनाला जातो आणि मुखवट्यावर नजर लावून परततो. त्या दोन लहानशा आकृती ज्याला दिसल्या, त्याला मूर्तिकाराने हळूच हाक मारली असे समजावे.

थोडे पुढे नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाकडे चला. मल्ल दैत्याने मरताना मागितले की देवाच्या नावाआधी माझे नाव यावे, आणि देवाने ते दिले. म्हणून देव 'मल्लारि' झाला. मणी दैत्यालाही देवापाशी ठाव मिळाला. जेजुरीला आजही त्याचे दर्शन घेतात. शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा पाहा. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२च्या आपल्या ग्रंथात म्हसोबा व महिषासुर यांचे नाते उलगडले आहे. ज्याला देवळात देवी मारते, त्यालाच शेतात कुणबी नारळ फोडतो. आमच्या लोकांनी राक्षसाला केवळ मारून टाकले नाही. त्याचे नाव, त्याचे शिर, त्याची जागा कुठेतरी जपून ठेवली.

गोंधळाचेच घ्या. गोंधळी सांगतात की परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिराचे व तंतूंचे वाद्य केले आणि ते वाजवीत तो रेणुकामातेपुढे गेला. म्हणजे तुणतुण्याची तार छेडली की कोठेतरी तो दैत्यच कण्हतो आहे, असे समजावयाचे. मग चौक भरला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमते, आणि आख्यानाला हात घालण्यापूर्वी गोंधळी गावोगावच्या देवतांना एकेक करून बोलावतो. कोल्हापूरची येते, माहूरची येते, पंढरीचा येतो. त्यांचे पुढच्या आख्यानात काही काम असते असे नाही. तरी आवतण द्यावेच लागते. आपल्या गोष्टीआधी ज्यांच्या गोष्टी होऊन गेल्या त्यांना पाट मांडल्याखेरीज आपली गोष्ट उभी राहत नाही, ही आपली जुनी समजूत. होंडांचे नाव शास्त्रज्ञाला देणारा लेखक यापेक्षा वेगळे काही करीत नाही.

पैठणच्या एकनाथांनी तर हा गोंधळ, हा जोगवा उचलून भारुडात नेला. भवानी तीच, महिषासुरही तोच. पण त्यांनी तो माणसाच्या आत नेऊन बसविला. परक्याचे पात्र घेऊन आपली गोष्ट रचली म्हणून त्यांना कोणी "उसने" असा शेरा दिला नाही. आणि त्यांची नाममुद्रा पाहा : स्वतःच्या नावाला गुरूंचे, जनार्दनस्वामींचे नाव जोडल्याशिवाय त्यांची सही पुरी होत नाही.

अलीकडच्या काळातले एक उदाहरण देतो. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. सोन्याच्या हव्यासाची व एका शापित दैवताची ती गोष्ट. तिच्यामागे नारायण धारपांच्या भयकथा उभ्या आहेत. पण नाव घेतले आहे श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, जिच्यात असे भूत नाही. मराठी वाचकाला पाटी वाचताच घरचे कोणी भेटल्यासारखे होते. त्या दैवताचे नाव हस्तर. विलायती भयकथा वाचणाऱ्याला त्यावरून 'हस्तूर' आठवतो. अँब्रोज बिअर्सच्या कथेत तो मेंढपाळांचा देव होता. तिथून ते नाव चेंबर्सने उचलले, मग लव्हक्राफ्टने, मग डर्लेथने, आणि प्रत्येकाने त्याचे रूप पालटले. एक नाव चार हातांतून गेले आणि दर हाताचा वास घेऊन पुढे आले.

मग चोरी कशाला म्हणावी? मला सुचलेली कसोटी साधी आहे. चोर वस्तू लपवितो ती कोणी ओळखू नये म्हणून. वंदन करणारा लपवितो ते कोणीतरी ओळखावे म्हणून. दुसरी कसोटी अशी की ज्याला खूण कळली नाही त्याचीही गोष्ट अडता कामा नये. अनुभूती न दिसलेल्या भाविकाचे दर्शन अपुरे राहत नाही. जो लेखक खुणांचीच माळ ओवतो आणि ज्याला त्या कळत नाहीत त्याला हसतो, त्याने गोष्ट सोडून परीक्षा घेतलेली असते. तिसरी कसोटी म्हणजे ती खूण कुणाच्या तरी प्रेमाने वा दुःखाने ठेवलेली असावी.

आता त्या वहीकडे येतो.

वर्षे लोटल्यावर एकदा उमरग्याकडे एका घरी जाण्याचा योग आला. भिंतीवर एक जुना फोटो होता, त्याला हार होता. घरातल्या आजोबांनी सांगितले : ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. अंगावरचा गुलालही कित्येकांनी धुतला नव्हता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या या जिल्ह्यात मिळून हजारो माणसे गेली. दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्यांवर बसली. आजोबा म्हणाले, "जमिनीनं नुसती कूस बदलली, गुरुजी."

ते वाक्य मी पूर्वी वाचले होते. मीच त्याच्याखाली तांबडी रेघ ओढली होती. विचारले तेव्हा कळले, तो मुलगा यांचाच नातू. त्याचा जन्म भूकंपानंतरचा. त्याने ती रात्र पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. आणि जे आजोबांना उघड सांगता येत नव्हते ते त्याने जपान्यांकडून राक्षस मागून आणून त्याच्या पोटात ठेवले होते. होंडांनी त्या खलाशांसाठी जे केले, तेच या पोराने आपल्या माणसांसाठी केले. खूण त्याने माझ्यासाठीच ठेवली होती, कारण वाचणारा मीच होतो. आणि मी विचारले, "गुलालाचा संबंध काय?"

त्याने पुढे लिहिणे सोडले, असे आजोबांनी सांगितले. मी त्यांच्याकरवी निरोप पाठविला की चूक माझी होती आणि ती गोष्ट उत्तम होती. निरोप पोचला. त्याने पुन्हा लेखणी धरली की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नाही.

श्रोतेहो, या सभेत शिक्षक आहेत, आईबाप आहेत. आपली मुले आज परक्या राक्षसांच्या गोष्टी लिहितात, चित्रे काढतात, आणि आपण म्हणतो, हे कसले उसने खूळ! माझी एवढीच विनंती की तांबडी शाई उघडण्यापूर्वी एकदा विचारावे, "बाळ, हे इथे का ठेवलेस?" उत्तर कधी मिळेल, कधी मिळणार नाही. पण विचारणारा कोणी आहे हे त्याला कळेल. उद्या सकाळी दर्शनाला जाल तेव्हा मूर्तीच्या कडेची ती तप करणारी बाई पाहून या. तिलाही कोणीतरी आपल्यासाठीच तिथे ठेवले आहे.