उभट अक्षरांचं कूळ



20 एप्रिल 1865 या तारखेचं एक अमेरिकी पोस्टर प्रसिद्ध आहे. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडून जॉन विल्क्स बूथ पसार झाला होता. तो आणि त्याचे दोन साथीदार यांना पकडून देणाऱ्यांसाठी तिथल्या युद्धखात्याने 1 लाख डॉलरचं इनाम लावलं. पोस्टरवर नजर आधी जाते ती इनामाच्या भल्यामोठ्या आकड्यावर, मग खुन्याकडे, आणि अगदी शेवटी बारीक मजकुराकडे. दोन्ही साथीदारांच्या आडनावांचं स्पेलिंग चुकलेलं आहे, पण रस्त्याने जाणारा थांबावा याची व्यवस्था मात्र चुकलेली नाही. ही व्यवस्था म्हणजेच माझा आजचा विषय.

‘व्हिंटेज’ म्हणून आज जे जाड, उभट, टोकांना नक्षी असलेले फॉन्ट मिळतात, त्यांचं कूळ 19व्या शतकातल्या जाहिरातींत आहे. त्याआधी छापखान्यातली अक्षरं घडवली जात ती पुस्तकासाठी, म्हणजे हातभर अंतरावरून निवांत वाचण्यासाठी. लंडनमध्ये त्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट थॉर्नने अक्षरांच्या उभ्या रेषा फुगवल्या. 1815च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने टोकांच्या बारीक आडव्या रेषा, म्हणजे सेरिफ, दांडीइतक्याच जाड केल्या. अक्षर आता भिंतीवर जायला तयार झालं होतं.

अडचण होती ती शिशाची, ज्यातून छपाईचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, ओतले जात. मोठा खिळा ओतला की धातू सगळीकडे सारखा निवत नाही, माथ्यावर खळगा पडतो आणि छपाईत पांढरे डाग राहतात. शिवाय वजन आणि किंमत दोन्ही परवडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने 1827 साली लाकडी खिळे यंत्राने कोरण्याची रीत काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा नमुनासंग्रह छापला. 1834 साली विल्यम लेव्हनवर्थने त्या यंत्राला पँटोग्राफ जोडला. एका टोकाला नमुन्याच्या कडेने काडी फिरवायची, दुसऱ्या टोकाला कातणी तेच वळण लाकडात लहानमोठं करून उतरवते.

लाकूड बहुधा मेपलचं, तेही चांगलं वाळवलेलं. छापायची बाजू खोडाच्या आडव्या कापाची. फळी उभी चिरली तर तंतू लांबीने पडतात आणि नाजूक टोकं सुटून येतात. आडव्या कापात तंतूंची टोकं वर येतात, म्हणून पृष्ठभाग टणक राहतो आणि कोरताना कड फाटत नाही. मग तासून, घोटून खिळ्याची उंची शिशाच्या खिळ्यांइतकी, 0.918 इंच, आणायची. तरच दोन्ही एकाच चौकटीत आवळून एकदम छापता येतात. अक्षराचं माप ‘लाइन’मध्ये मोजत, एक लाइन म्हणजे 12 पॉइंट. 20 लाइनचा खिळा सव्वातीन इंचांहून थोडा अधिक उंच.

आता उभटपणाकडे येतो. कागदाची रुंदी ठरलेली, शब्द लांब आणि गिऱ्हाइकाला तो एका ओळीत, शक्य तितका उंच हवा. मग अक्षर दोन्ही बाजूंनी आवळावंच लागतं. पण आवळलं की गोल अक्षरांच्या कुशी सरळ होतात. रोमन लिपीतले ओ, सी, जी, यू सगळे खांबच दिसू लागतात, आतली पोकळी फटीएवढी उरते. अशा वेळी वाचकाला आधार मिळतो तो टोकांचा. जाड सेरिफ डोक्याशी आणि पायाशी अक्षराची हद्द आखतात, आणि टस्कन वळणात टोक दुभंगतं, दांडीच्या मध्यावर काटा किंवा फुगवटा येतो. या नक्षीला उथळ हौस म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. उत्तम टस्कन अक्षरात ती नक्षी एकसारख्या खांबांची रांग मोडते आणि नजरेला धरायला जागा देते. नुसती गर्दी करणारी अक्षरंही खूप निघाली, ती विसरली गेली ते बरंच झालं.

1880 साली विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी जे. ई. हॅमिल्टनने स्वस्त लाकडावर हॉलीच्या लाकडाची अक्षरं चिकटवून विकायला सुरुवात केली. पुढे विल्यम पेजचा लाकडी खिळ्यांचा नावाजलेला कारखानाही हॅमिल्टनकडेच आला. त्या गावात आज लाकडी खिळ्यांचं संग्रहालय आहे. रॉब रॉय केली यांनी या अक्षरांचा इतिहास 1969 साली ग्रंथरूपाने मांडला नसता, तर त्यातली निम्मी वळणं आपल्याला नावानिशी ओळखता आली नसती.

श्रोत्यांत पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी तरुण मंडळी दिसताहेत, त्यांच्याशी थोडं कामाचं बोलतो. साधा फॉन्ट संगणकावर आडवा दाबून उभट करू नका. दाबलं की उभ्या दांड्या बारीक होतात, आडव्या रेषा तशाच जाड राहतात, आणि अक्षर आजारी दिसतं. उभट म्हणूनच रेखलेलं वळण घ्या, आणि ते तीनचार शब्दांपुरतंच वापरा. परिच्छेद त्यात लावाल तर तो कोणी वाचणार नाही. देवनागरीत हा प्रश्न आणखी कठीण आहे. वेलांटी, मात्रा, रफार वर जागा मागतात, उकार खाली मागतो, म्हणजे मूळ अक्षराला उंची आधीच कमी. त्यात काने इतके, की आवळल्यावर ‘वारा’सारखा साधा शब्दही कुंपणासारखा दिसतो. ‘रोझा वन’ या फॉन्टमध्ये देवनागरीला जाड-बारीक रेषांचा ठळक फरक मिळाला आहे, तो जरूर पाहा. पण उभट देवनागरी करायची तर कान्याची जाडी आणि अक्षराच्या पोटातली पोकळी यांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. त्यासाठी रोमन नमुना समोर न ठेवता आधी बोरू हातात घ्या आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्र’ आवळून पाहा. सगळ्यांत जास्त अडणारी जोडाक्षरं हीच.