खाशाबांनी फेडलेलं कर्ज



मला 'आयटीतली वाटचाल' सांगायला बोलावलंय. ती राहू द्या, जेवणाआधी कोडमधल्या चुकांच्या गोष्टी कोण ऐकणार!

ऑगस्ट १९९६ आठवतो? लिएंडर पेसला अटलांटात ब्राँझ मिळालं, म्हणून आपण बाकं वाजवत होतो. पी.टी.चे सर आत आले. म्हणाले, "याच्याआधी कोणाला मिळालं?" सगळे गप्प. मग अख्खा तास सर खाशाबा जाधवांवर बोलले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, हेलसिंकी, १९५२. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिंपिक. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती खाशाबा हरले आणि लगेच सोव्हिएत मल्ल मम्मदबेयोवसमोर उभे राहिले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. तरी ब्राँझ! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पुढे पोलीस खात्यात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

मला मात्र लक्षात राहिले ते प्राचार्य खर्डेकर. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावल्या आणि ते पैसे फेडले.

आता माझं. १९९९ला धुळ्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला, त्याच उन्हाळ्यात वादळानं आमची केळी आडवी झाली. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली, तसे सर घरी आले आणि वडिलांच्या हातात पाकीट ठेवलं. वडील नको म्हणाले. सर हसले, "अण्णा, खर्डेकरांनी घर ठेवलं होतं. माझा नुसता एका महिन्याचा पगार आहे." दुसऱ्या दिवशी एरंडोल-पारोळा करत एस.टी.नं मी धुळ्याला गेले.

नोकरी लागली. पुण्याहून दर दिवाळीला यायचे, दर वेळी म्हणायचे, पुढच्या खेपेला सरांकडे जाऊ. हप्ते, बदली, मुलगी... कारणं पुष्कळ होती, खरं एकही नव्हतं. सर गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. खाशाबांनी फेडलं, मी राहिले.

काकू पहिल्या रांगेत बसल्यात. काकू, मघाशी पाकीट दिलं तर तुम्ही हात मागे घेतलात. जेवायला माझ्या शेजारी बसा. मी पुन्हा देणार आहे.