नाकाची दिशा आणि वाटेची दिशा
(दासगाव येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विमानातल्या यंत्रावर बोलायला दासगाव कशाला, असा प्रश्न पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. पण हे सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर आहे. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला निघाले तेव्हा बोटीने इथेच उतरले होते. होका म्हणजे काय, हे या गावात समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एक पाहा. ओहोटीला खाडी पार करायची असेल तर तांडेल होडीचे तोंड समोरच्या धक्क्यावर धरीत नाही. थोडे वर, प्रवाहाच्या अंगावर धरतो. होडी तिरकी दिसते, पण जाते सरळ. आडव्या वाऱ्यात विमानाचेही तसेच होते. उपग्रहांवर चालणारे जीपीएस तुम्हाला वाट सांगते. विमानाचे नाक कुठे आहे, हे मात्र सांगत नाही. ते सांगणारे उपकरण वेगळे असते आणि आजचा विषय तेच आहे.

कॅप्टन अमोल यादव यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि 2020 साली धुळ्याला त्याची उड्डाण-चाचणी झाली. घरी विमान बांधणाऱ्याच्या पाठीशी मोठा कारखाना नसतो. प्रत्येक तार आणि प्रत्येक स्क्रू त्याची स्वतःची जबाबदारी. मुंबई ते धुळे सरळ रेषेत सुमारे 280 किलोमीटर. दिशेत एक अंशाची चूक झाली तर शेवटी पाच किलोमीटर बाजूला, दहा अंशांची झाली तर पन्नास. खाली सह्याद्री आणि ढग असतील तर हा हिशेब वहीत राहत नाही.

जुना होका यात कमी पडतो. विमान वळले की त्याची तबकडी पुढेमागे हेलकावते, वेग वाढवला की खोटे बोलते. म्हणून त्याच्या जोडीला फिरत्या भोवऱ्याचे यंत्र आले. ते वळणात स्थिर राहते, पण हळूहळू सरकते. दर दहा-पंधरा मिनिटांनी होक्याशी जुळवून घ्यावे लागते. नव्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात या दोघांचा संसार एका डबीत आहे. तीन दिशांना चुंबकक्षेत्र मोजणारे संवेदक, तीन सूक्ष्म भोवरे आणि वेगातला बदल मोजणारे आणखी तीन संवेदक. क्षणाक्षणाचे भोवऱ्याकडून घ्यायचे आणि दीर्घकाळचे चुंबकाकडून, हे काम आतला संगणक करतो. 2016 साली गार्मिन या अमेरिकन कंपनीने 'जी-5' काढले ते सुरुवातीला अशा घरी बांधलेल्या विमानांसाठीच. जुन्या यंत्राच्या तीन इंची भोकात ते बसते. चुंबक मोजणारा भाग मात्र वेगळा, बहुधा पंखाच्या टोकाशी, इंजिनाच्या लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून दूर.

दूर कशासाठी, ते मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. जहाजावर वीजतंत्री असताना दिव्याची दुरुस्ती करून मी पेचकस होक्याच्या पेटीमागे विसरलो. पहाटे सुकाणूवाल्याच्या लक्षात आले की किनारा असावा तिथे नाही. कप्तान एक शब्द बोलले नाहीत. पेचकस तेवढा माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

विजेचा प्रवाहही तेच करतो. आपल्याच जिल्ह्यात अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. ती मुळात मुंबईला कुलाब्यात होती. शहरात विजेवरच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली ती अलिबागला आणली. वेधशाळेच्या इमारती बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले. पालकहो, मुलांना समुद्रावर नेता तेव्हा हेही बाहेरून का होईना दाखवा.

तुमच्या खिशातल्या फोनमध्येही असाच संवेदक आहे. किब्ला पाहताना फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतो ना? त्या वेळी तो स्वतःजवळच्या लोखंडाची चूक मोजून वजा करीत असतो. विमानालाही तसेच करतात. मोकळ्या मैदानात, इंजिन चालू ठेवून, दर तीस अंशांवर विमान फिरवायचे, खरी दिशा आणि यंत्राची दिशा लिहायची. मग दिवे आणि रेडिओ लावून पुन्हा पाहायचे. उरलेल्या चुकांचे कार्ड वैमानिकासमोर चिकटवायचे. कंटाळवाणे काम आहे, पण यंत्र कितीही महागाचे असले तरी ते टळत नाही.

काही माता विचारतील, मुलाने रेडिओ उघडून ठेवला तर काय करावे? माझे मत, भिंतीच्या विजेला जोडलेला नसेल तर उघडू द्यावा. मुलीने उघडला तरीही. विमान-देखभाल अभियंत्याच्या परवान्याचा अभ्यास बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन करता येतो. त्याला आधी वैमानिक व्हावे लागत नाही.

मागच्या टेबलावर एक साधे होकायंत्र, एक फोन आणि मूठभर खिळे ठेवले आहेत. चहापूर्वी मुलांनी तिकडे यावे. खिळे आधी चार हातांवरून दाखवा, मग जवळ आणा, आणि किती अंश फरक पडला ते वहीत लिहून मला दाखवा.