बँक बंद झाली, बोजा मात्र सातबाऱ्यावरच!
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



पीकशास्त्राच्या अध्यापकाने सातबाऱ्यावर का बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु आम्ही ठिबक, पाइपलाइन, डाळिंबाची बाग सुचवतो, तेव्हा पुष्कळ जण म्हणतात, "सातबाऱ्यावर वडिलांच्या वेळचा बोजा आहे, बँक उभी करत नाही." म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात विहीर, इंजिन, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांसाठी अनेकांनी भूविकास बँकेकडे जमीन नजरगहाण ठेवली. १९३५ साली भूतारण बँक म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था पुढे थकबाकीने डबघाईला आली आणि २०१५ साली शासनाने ती गुंडाळण्याचा निर्णय घेतला. २०२२ साली शासनाने राज्यातील ३४,७८८ कर्जदारांचे ९६४ कोटी १५ लाख रुपये माफ करण्याचे ठरवले.

पण कर्ज फिटणे वा माफ होणे ही एक गोष्ट आणि बोजा कमी होणे ही दुसरी. बँकेला कुलूप लागले तरी 'इतर हक्क' रकान्यातील नोंद आपोआप जात नाही. ती काढण्यासाठी खालीलप्रमाणे करावे.

१) ताजा सातबारा घ्यावा. बोजाचा फेरफार क्रमांक पाहून त्या फेरफाराची नक्कल काढावी. संस्थेचे नाव, रक्कम व वर्ष त्यातून कळते.

२) संस्थेचा कारभार आता कोणाकडे आहे ते शोधावे. सहकारी संस्था अवसायनात असल्यास सही अवसायकाची लागते. तो कोण, याची चौकशी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करावी. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असल्यास त्या बँकेकडे जावे.

३) बेबाकी दाखला व बोजा कमी करण्याचे पत्र घ्यावे. त्यात सर्व गट नंबर, क्षेत्र व फेरफार क्रमांक बरोबर असल्याची खात्री करावी. भावाभावांत वाटप झाले असल्यास बोजा प्रत्येकाच्या हिश्श्यावर उतरलेला असतो. एकही गट सुटू देऊ नये. गहाणखत नोंदणीकृत असल्यास गहाणमुक्तीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा.

४) ही कागदपत्रे जोडून ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) यांच्याकडे अर्ज करावा व पोच घ्यावी. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. फेरफार धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते व नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मूळ कर्जदार हयात नसल्यास वारस नोंद आधी करून घ्यावी.

५) नवा सातबारा काढून इतर हक्कात बोजा राहिला नाही ना, हे स्वतः वाचून पाहावे.

गहाण खासगी कंपनीकडे असेल आणि तिचे नाव कंपनी निबंधकाच्या नोंदवहीतून काढले गेले असेल, तर मार्ग लांबचा आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २५२ खाली ते नाव पुन्हा लावून घेण्यासाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पैसे देणे बाकी आहे पण घेणारा सापडत नाही, अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ८३ प्रमाणे गहाणाची रक्कम न्यायालयात भरता येते. मात्र यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. केवळ प्रतिज्ञापत्रावर बोजा उतरवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नयेत.

मंडळी, अवसायकाचे काम कायमचे नसते. ते आटोपले की संस्थेची नोंदणीच रद्द होते आणि मग सहीसाठी कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न उभा राहतो. ज्यांनी मागेच कर्ज फेडले त्यांनीही पावत्या पेटीत ठेवून स्वस्थ बसू नये. पेरणीच्या धांदलीत हे काम होत नाही. तेव्हा सुगी उरकताच सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना आधी वाचा.