शिकायचं राहून गेलं म्हणणाऱ्यांसाठी

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)

सन्माननीय मुख्याध्यापक, ज्यांच्यासमोर आजही हात मागे बांधून उभं राहावंसं वाटतं ते आमचे सगळे सर आणि बाई, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

निवेदकाने माझी ओळख 'सॉफ्टवेअरमधल्या मोठ्या मॅडम' अशी करून दिली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या गणिताच्या बाई हसल्या. नववीच्या सहामाहीत मला गणितात किती मार्क पडले होते, हे त्यांच्या अजून लक्षात असणार. तो आकडा स्मरणिकेत छापू नये, अशी संपादक मंडळाला नम्र विनंती.

आज सकाळी नाशिक रोडने येताना पडेगाव कुठे सुरू झालं ते मला कळलंच नाही. आपल्या वेळी छावणी ओलांडली की शहर संपायचं. मग मोकळं रान, वेरूळला जाणाऱ्या एसटी आणि डबलसीट सायकलवर आपण. आता मिटमिट्यापर्यंत घरंच घरं आहेत. शाळेतली संगणकाची खोली तेवढी आठवली. चप्पल बाहेर काढून आत जायचं, प्लास्टिकचं कव्हर सरांनीच काढायचं आणि एका संगणकामागे आठ जण. माझ्या वाट्याला कीबोर्ड आला तो आठवड्यातून तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांवर माझं घर चालतं आहे.

मला 'करिअर मार्गदर्शन' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला: "कॉम्प्युटरची ऑनलाइन डिग्री करायची आहे. लवकर होईल आणि स्वस्तात होईल अशी कुठली?" कुणी मुलासाठी विचारतं, कुणी सुनेसाठी. दोघी-तिघींनी मात्र 'एका मैत्रिणीसाठी विचारते' असं लिहून स्वतःसाठी विचारलं. त्याचंच उत्तर आज देते. हे उत्तर मी कुठल्या पुस्तकातून नाही, माझ्या घरातून शिकले, आणि फार उशिरा शिकले.

माझा धाकटा भाऊ याच शाळेचा, आपल्यापेक्षा दोन वर्षं मागे. तो मागच्या रांगेत बसला आहे. हे सगळं त्याला विचारूनच सांगते आहे.

मी १९९९ ला बारावी झाले आणि मला इंजिनिअरिंगला पेमेंट सीट मिळाली. वडील छावणीत शिवणकाम करायचे. दोन वर्षांनी भाऊ बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा माझी दोन वर्षांची फी अजून भरायची होती. वडील त्याला म्हणाले, "आधी ताईचं होऊ दे, मग तुझं बघू." तो वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला. माझं झालं. त्याचं कुणी बघितलं नाही. मीही नाही.

वीस वर्षांत तो स्टोअरच्या रजिस्टरवरून एक्सेलवर आणि एक्सेलवरून ईआरपीवर गेला. सिस्टीम अडली की आयटी विभागाची माणसं त्यालाच हाक मारायची. मग त्या विभागात जागा निघाली. साहेबांनाही तोच हवा होता. पण अट होती पदवीची.

२०२२ मध्ये त्याचा फोन आला. "ताई, एक वर्षात बीसीए करून देतात म्हणे. पंच्याहत्तर हजार. करू का?" मी मीटिंगला चालले होते. मी म्हणाले, "या वयात डिग्री घेऊन काय करतोस? यूट्यूबवर सगळं फुकट आहे, शिक." आणि फोन ठेवला.

ज्या बहिणीच्या डिग्रीसाठी त्याची डिग्री राहिली, तिने त्याला असं सांगितलं. हे वाक्य मला अजून टोचतं.

त्याने मला न सांगता वीस हजारांचा पहिला हप्ता भरला. परराज्यातलं विद्यापीठ, मध्ये एक एजंट. दोन महिन्यांनी मोबाइलवर गुणपत्रिका आली. परीक्षा झालीच नव्हती! सहा विषय, सगळ्यांत पहिला वर्ग. आनंद होण्याऐवजी तो घाबरला. आपल्या बाईंनी शिकवलेला मुलगा आहे, न सोडवलेल्या पेपरचे मार्क त्याला पचेनात. पाच महिने त्याने ते कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत घरी आले तेव्हा वहिनीने सांगितलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो आणि चार प्रश्न लिहून काढले. ते चार प्रश्न आज तुम्हाला देते.

पहिला प्रश्न: मला पदवी हवी आहे की काम यायला हवं आहे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरकारी नोकरी, स्पर्धा परीक्षा, पुढे एमसीए, कंपनीतली बढती, इथे पदवीच लागते. ज्याला एखादं कौशल्य हवं आहे, त्याने आधी स्वयम पोर्टलवरचा एखादा विषय करून पाहावा. शिकणं मोफत आहे, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. आपल्या विद्यापीठाच्या आवारात नाइलिटचं केंद्र आहे, तिथला 'ओ लेव्हल' आहे. एमएस-सीआयटी केलेल्या पुष्कळ जणी इथे बसल्या आहेत. तो चांगला पाया आहे, पण ती पदवी नव्हे.

दुसरा प्रश्न: मान्यता कुणाची, आणि कशाला? 'यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठ' एवढं वाचून थांबू नका. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग आहे, त्याला डीईबी म्हणतात. त्याच्या संकेतस्थळावर कुठलं विद्यापीठ, कुठला अभ्यासक्रम आणि कुठल्या वर्षासाठी, अशी यादी असते. तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. माझ्या भावाने फी भरलेल्या विद्यापीठाचं नाव खरं होतं, पण त्या अभ्यासक्रमाला परवानगीच नव्हती. हे बघायला आम्हाला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी फोनवर दिली असती, तर त्याचे वीस हजार वाचले असते. आता प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. 'ते सगळं आम्ही बघू' असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

आणखी एक. बी.ई. किंवा बी.टेक. घरबसल्या होत नाही. पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या देण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चाप लावला आहे. ऑनलाइन किंवा मुक्त पद्धतीने बीसीए, बीएस्सी, एमसीए होतात, आणि मान्यता असलेल्या अशा पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात.

तिसरा प्रश्न: लवकर म्हणजे किती लवकर? अमेरिकेत वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी आहे. तिथे सहा महिन्यांची एकच फी भरायची आणि त्या काळात जितके विषय पक्के होतील तितके पूर्ण करायचे. कामाचा अनुभव असलेला माणूस तिथे खरोखर लवकर सुटतो. आपल्याकडे तशी सोय नाही. बारावीनंतरची पदवी म्हणजे साधारण तीन वर्षं. कुणी एका वर्षात तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका देत असेल, तर तो कागद विकतो आहे. आणि तो कागद कंपनीने पडताळायला पाठवला, की नवी नोकरी राहते बाजूला, असलेलीही जाते.

मग वेळ वाचवायचा कसा? शिकताना नोकरी सोडायची नाही, हीच मोठी बचत. दुसरी बचत म्हणजे मधल्या टप्प्यावर हाती काही पडेल असा अभ्यासक्रम. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून त्यांचीच पात्रता परीक्षा द्यायची. जितके विषय घ्याल तितक्यांचीच फी. पाया, मग डिप्लोमा, मग पदवी असे टप्पे आहेत, आणि मध्येच थांबावं लागलं तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. कमी उत्पन्नाच्या घरांना आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत आहे. व्हिडिओ घरी बघायचे, पण परीक्षेला मात्र केंद्रावर जाऊन बसायचं. आणि सोपं नाही, हेही सांगते. गणिताशी भांडण असेल तर आधी बाईंना भेटा.

चौथा प्रश्न: स्वस्त म्हणजे नेमकं किती? जाहिरातीत फक्त पहिल्या सत्राची फी असते. परीक्षा फी, प्रोजेक्टची फी, परीक्षा केंद्रापर्यंतचं जाणं-येणं, लॅपटॉप, नेट, हे सगळं एका कागदावर मांडा. 'बिनव्याजी हप्ते' म्हणतात तेव्हा कागद नीट वाचा. पुष्कळदा ते तुमच्या नावावरचं कर्जच असतं, आणि शिक्षण सोडलं तरी हप्ते सुटत नाहीत. त्याआधी सरकारी मुक्त विद्यापीठं बघा. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. इग्नूच्या बीसीएची तीन वर्षांची सगळी फी साधारण एका बऱ्या लॅपटॉपच्या किमतीत बसते, आणि ती पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते.

भावाने तेच केलं. २०२३ मध्ये इग्नूला प्रवेश घेतला. या वेळी फी त्याने स्वतः, विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर भरली. मी भरते म्हणाले होते. तो म्हणाला, "ताई, पैसे नको. रविवारी सकाळी एक तास दे." पुण्याहून मी दर रविवारी तो तास देते. कधी सी शिकतो, कधी डेटाबेस, कधी नुसतंच बोलतो. आधी आम्ही इतकं बोलत नव्हतो.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. पहिल्या वर्षी तो गणितात नापास झाला. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी स्वाध्याय लिहायला बसतो तेव्हा अक्षरं पोहायला लागतात. एकदा त्याने पुस्तकं माळ्यावर टाकली होती, ती त्याच्या मुलीने खाली काढली. ती यंदा दहावीला आहे. बाप-लेक एकाच टेबलावर बसतात, आणि आधी कोण उठतं यावर त्यांची पैज असते. गणित दुसऱ्या वेळी सुटलं. आता तो तिसऱ्या वर्षाला आहे. आयटी विभागातली ती जागा केव्हाच भरली गेली. पुन्हा निघेल की नाही, माहीत नाही. मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, "जागा गेली ते गेली. पण आता अर्जात शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी' लिहून पुढची जागा रिकामी सोडावी लागणार नाही."

मी कंपनीत मुलाखती घेते. समोरच्याची पदवी ऑनलाइन आहे की कॉलेजातली, हे मी विचारत नाही. मी म्हणते, तुम्ही स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम दाखवा आणि तो असाच का लिहिला ते सांगा. पदवीमुळे दार उघडतं, पण आत गेल्यावर हेच विचारतात. ज्याने खरंच अभ्यास केला, त्याला उत्तर येतं. विकत घेतलेल्या कागदाला बोलता येत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या. दहावीचा निकाल लागला तेव्हा बोर्डावर माझं नाव वरून सातवं होतं. वरच्या सहापैकी चार मुली होत्या, आणि त्यांतल्या तिघींचं शिक्षण लग्नाबरोबर थांबलं. त्या आज इथे आहेत. ग्रुपवर 'मैत्रिणीसाठी' विचारू नका, स्वतःसाठी विचारा. चार प्रश्नांचा कागद मी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, त्यावर माझा नंबर आहे. फोन करा. या वेळी मी मीटिंगला चालले असले, तरी थांबेन.

सर, बाई, तुम्ही आम्हाला त्या खोलीत तीन मिनिटं कीबोर्ड दिलात. तेवढ्याने कुणाचं काय होतं हे तुम्हाला कळावं, म्हणून एवढं बोलले. भावाच्या शेवटच्या परीक्षा पुढच्या वर्षी आहेत. पेढे घेऊन आम्ही दोघं शाळेत येऊ. नापास झाला तरी येऊ. फक्त मग पेढे मी आणीन.