मलायाचं कथील, मलायाचं रबर

आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात ती कथिलाची. याच कथिलापायी मलायात, चिखलात क्वालालंपूर वसलं. १८५४मध्ये चीनहून आलेला याप आ लॉय आधी खाणीवर स्वयंपाकी होता. पुढे तोच क्वालालंपूरच्या चिन्यांचा प्रमुख, 'कॅपिटन' झाला. सेलांगोर संस्थानातल्या यादवीत गाव बेचिराख झालं, ते त्यानं पुन्हा उभारलं, खाणीही चालू केल्या.

रबराची गोष्ट मात्र सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातली. १८८८पासून तिथं संचालक असलेला हेन्री रिडली खिशात रबराच्या बिया घेऊनच हिंडे. कॉफीवाले मळेदार त्याला चक्क वेडा म्हणत! झाड न मारता चीक कसा काढायचा, हे त्यानंच दाखवलं: सालीला तिरक्या खाचा द्यायच्या, सालीखालचा वाढीचा थर दुखवायचा नाही, पुढच्या खेपेला त्याच खाचेची पातळ कड तासायची. १८९६मध्ये मलाक्काच्या तान चे यान यानं रबर लावलं. पुढं कॉफी बुडाली, मोटारी आल्या आणि रिडली शहाणा ठरला.

नावं यांची झाली, पण झाडं तासली ती मुख्यतः तमिळ मजुरांनी. तीही भल्या पहाटे, कारण ऊन चढलं की चीक आटतो.