डिकीची खिट्टी आणि तीन हात

'डिकी' हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की तो आला कुठून, हे कुणी विचारत नाही. १९२०-३०च्या सुमाराच्या अनेक मोटारींना मागच्या बाजूला, उघड्यावर, एक घडीचे आसन असे. त्याला इंग्रज 'डिकी सीट' म्हणत. पुढे ते आसन गेले, त्या जागी सामानाचा कप्पा आला आणि नाव मात्र आपल्याकडे तसेच राहिले. माणसाच्या बसण्याची जागा सामानाची झाली. त्या सामानाच्या जागेत एखादे लेकरू अडकले तर काय, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. पण सुरुवात मी माझ्या धंद्यापासून करतो.

मी गोंदियात मोटारींच्या वायरिंगचे काम करतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत निघालेली अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, या गाड्या आमच्याकडच्या काही घरांतून अजून जिवापाड सांभाळलेल्या दिसतात. त्यांचे मालक हल्ली एक मागणी हमखास करतात : नव्या गाडीसारखी रिमोटने डिकी उघडली पाहिजे. यात नुसता शौक असतो असे नाही. बोटांचे सांधे आखडलेल्या बाईला ती जुनी ताठर मूठ फिरत नाही. दोन्ही हातांत सामान असले की किल्ली काढायची कशी, हाही प्रश्न असतोच.

काम तसे अवघड नाही. खिट्टीला एक छोटी बारा व्होल्टची मोटर जोडायची. कळ दाबली की ती क्षणभर दांडी ओढते आणि थांबते. रिमोटच्या डब्यातून येणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो, म्हणून मध्ये रिले हवा. वायर थेट बॅटरीवरून आणायची, पण बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालूनच. नाहीतर गालिच्याखाली वायर सोलली गेली की आग ठरलेली. काही जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तेव्हा आधी ते तपासावे. मोटर घेण्यापूर्वी मी किराणा दुकानातला स्प्रिंगचा काटा खिट्टीला अडकवून ओढतो. किती किलोंचा जोर लागतो ते लगेच कळते. गंजलेली खिट्टी साफ करून तेल दिले की आकडा बराच खाली येतो. हे न करता मोठी मोटर बसवणारे कारागीर आहेत. ती पद्धत मला पसंत नाही.

आणखी एक अडचण. जुन्या डिकीचे झाकण जड असते. खिट्टी सुटली तरी ते आपणहून उचलले जात नाही आणि पुन्हा अडकते. म्हणून कडेला एक लहान स्प्रिंग बसवावी लागते, झाकण दोन बोटे वर आले की पुरे. गाडी चालू असताना खिशातल्या खिशात कळ दाबली जाऊ नये, यासाठी इंजिनाची किल्ली फिरवली की रिमोटचा रिले बंद पडेल अशी जोडणी करावी. बालाघाट रस्त्याला डिकी उघडली तर सामान तर जाईलच, पण धावत्या गाडीच्या उघड्या डिकीतून इंजिनाचा विषारी धूरही आत ओढला जातो.

इथपर्यंत ग्राहक माना डोलावतात. पुढचे सांगितले की कुरकुर सुरू होते.

एका वयस्कर गृहस्थांना मी म्हटले, "काकाजी, मोटरसोबत आतून ओढायची दोरीही बसवू."

ते म्हणाले, "भाऊ, आतून कोण उघडणार आहे? तांदळाचं पोतं?"

मी विचारले, "उन्हाळ्यात नातवंडं येतात ना?"

"येतात."

"रिमोट कुठे ठेवता?"

ते काही बोलले नाहीत. रिमोट दाराशेजारच्या खुंटीला होता, पोराच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर.

गोष्ट अशी आहे की, किल्लीची ताठर डिकी पोरांना उघडता येत नव्हती. आपण ती सोपी करतो, तेव्हा लपाछपीसाठी एक नवी जागाही उघडून देतो. झाकण वरून बसले की आत अंधार, आणि रिमोट बाहेर राहिला तर संपलेच. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन आठवड्यांच्या आत, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, अकरा मुले अशीच डिकीत अडकून दगावली. त्याआधी १९९५ मध्ये जॅनेट फेनेल नावाच्या बाईंना आणि त्यांच्या पतीला चोरट्यांनी त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंडले होते. त्या सुटल्या आणि या प्रश्नाच्या मागेच लागल्या. शेवटी तिथे नियम झाला : १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या प्रत्येक डिकीवाल्या मोटारीत आतून उघडण्याची सोय असलीच पाहिजे. तिथल्या गाड्यांत अंधारात चमकणारी मूठ दिसते, ती यासाठी. आपल्या जुन्या गाड्या त्या आधीच्या, आणि आपले ऊन तर त्याहून कडक. मे महिन्यात गोंदियात पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हातल्या बंद गाडीत उष्णता पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते.

म्हणून माझा हिशेब असा : खिट्टी एकच, पण तिला ओढणारे हात तीन. मोटर, मूळची किल्ली आणि आतली दोरी. वीज फक्त पहिल्याला लागते. बॅटरीवर विसंबू नये याला साधे गणित आहे. रिमोटचा डबा गाडी उभी असतानाही थोडा प्रवाह खातो. तो दहा मिलिअ‍ॅम्पिअर धरला तरी महिन्याला सात अ‍ॅम्पिअर-तासांहून जास्त होतो. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी गाडी तीन-चार महिने उभी राहिली, तर जुन्या बॅटरीत काय उरणार? अशा वेळी किल्लीची दांडी काढून टाकलेली असेल, तर जॅक, पाना आणि स्टेपनी सगळे आतच कैद.

दोरीच्या टोकाला अंधारात चमकणारी मूठ लावावी. ती चमक बाहेरचा उजेड प्यायलेली असते, तेव्हा अधूनमधून डिकी उघडी ठेवणे बरे. तपासताना झाकण उघडेच ठेवून खिट्टी स्क्रूड्रायव्हरने बंद करावी आणि दोरी ओढून पाहावी. पोराला आत बसवून तपासू नये. मात्र नातवंडे आली की उघड्या डिकीसमोर उभे करून ती मूठ त्यांच्याकडून एकदा ओढून घ्यावी. काकाजींनी तसे केले, आणि रिमोटची खुंटी वर ठोकली.

पत्र्याला भोके पाडण्याबद्दल एक सांगतो. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणीचा नियम आला. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. माझी मोटर जुन्याच स्क्रूंच्या भोकांवर पट्टी लावून बसते आणि वायर जुन्याच रबरी कड्यांतून जाते. उद्या कुणाला सगळे काढायचे असेल तर पान्याने निघते. काम झाले की कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे गेली, याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मी डिकीच्या झाकणाला आतून चिकटवतो. पुढचा मिस्त्री मी असेनच असे नाही.